हिपॅटायटिस 'सी' : नोंदीपासून निरोगीपणापर्यंत

(लोणी, ता. आंबेगाव, जि. पुणे या परिसरातील शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांना उद्देशून केलेल्या भाषणाचा मजकूर)



जुन्नर-आंबेगावच्या माणसाला नोंदीचे महत्त्व नव्याने पटवून द्यावे लागेल असे नाही. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांची यादी आकड्यांनिशी दगडात कोरून ठेवली आहे. भारतीय अंकचिन्हांच्या अगदी जुन्या नमुन्यांत तिची गणना होते. पुढच्या काळात दगडाची जागा मोडी दप्तरांनी घेतली, दप्तरांची जागा तलाठ्याच्या नोंदवह्यांनी घेतली आणि आता सातबारा संगणकावर आला आहे. आंबेगावच्या पश्चिम अंगाला भीमाशंकरचे अरण्य, डिंभे धरण आणि मुसळधार पाऊस. पूर्वेच्या लोणी-धामणी पट्ट्यात मात्र कोरडवाहू माळ आणि पाण्याची वाट पाहणारी शेते. अशा भागातील शेतकरी जमिनीच्या गुंठ्याचा आणि पाण्याच्या हंड्याचा हिशेब चोख ठेवतो.

परंतु याच शेतकऱ्याला विचारावे, "आपल्याला रक्त केव्हा चढवले होते ? त्यानंतर कोणती तपासणी झाली ? तिचा निकाल काय आला ?" तर उत्तर बहुधा मिळत नाही. केसपेपर कुठल्या तरी पिशवीत असतो, पिशवी माळ्यावर असते आणि माळा गळत असतो. आजार चार दिवसांचा असेल तर यामुळे फारसे बिघडत नाही. पण काही आजार वीस-वीस वर्षे शरीरात मुक्काम ठोकून बसतात. त्यांच्या बाबतीत हरवलेला कागद म्हणजे हरवलेला उपचार ठरतो, आणि कधी कधी हरवलेला माणूसही. हिपॅटायटिस 'सी' हा अशाच आजारांपैकी एक होय.

गाजावाजा न करणारा आजार

आपल्याकडे डोळे पिवळे झाले की 'कावीळ झाली' असे म्हणतात आणि सर्व काविळींना एकाच रांगेत उभे करतात. वस्तुतः यकृताला सूज आणणारे विषाणू निरनिराळे आहेत. 'ए' आणि 'ई' हे दूषित पाणी व अन्न यांवाटे पसरतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत पसरलेली काविळीची साथ 'ई' प्रकारची होती. अशा साथीत रुग्ण अंथरुणाला खिळतो, परंतु बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. 'बी' आणि 'सी' यांची वाट वेगळी आहे. 'सी' हा रक्तावाटे पसरतो. न तपासलेले रक्त, दुसऱ्यासाठी वापरलेली सुई व सिरिंज, नीट निर्जंतुक न केलेली शस्त्रक्रियेची वा दातांची उपकरणे, जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदणे, सामायिक वस्तरा या त्याच्या प्रवासाच्या वाटा आहेत. बाधित मातेकडून बाळाला तो काही प्रमाणात होऊ शकतो. एका ताटात जेवल्याने, हस्तांदोलनाने, एका विहिरीचे पाणी प्यायल्याने किंवा अंगावर पाजल्याने तो होत नाही.

त्याचे खरे भय त्याच्या मौनात आहे. बाधा झाल्यावर बहुसंख्य लोकांना काहीच जाणवत नाही; डोळे पिवळे होतीलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे बाधितांपैकी सुमारे ३० टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांत आपोआप निघून जातो. उरलेल्यांत तो कायमचा घर करतो. अशा जुनाट बाधेच्या रुग्णांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना वीस वर्षांच्या आत सिऱ्होसिस होण्याचा, म्हणजे यकृत कठीण व निकामी होत जाण्याचा धोका असतो. काहींना पुढे यकृताचा कर्करोग होतो. माणूस रुग्णालयात पोचतो तेव्हा पोटात पाणी झालेले असते आणि घरचे लोक 'अचानक झाले' असे सांगतात. त्या 'अचानक'च्या मागे दोन दशके उलटलेली असतात.

याच संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे ५ कोटी लोकांना हिपॅटायटिस 'सी'ची जुनाट बाधा होती आणि त्यांपैकी सुमारे ५५ लाख भारतात होते. जगातील अशा रुग्णांपैकी निदान झालेले सुमारे ३६ टक्के, तर उपचार मिळालेले सुमारे २० टक्केच. म्हणजे तिघांपैकी दोघांना आपल्याला काय झाले आहे हेच ठाऊक नाही.

पस्तीस वर्षांतील पल्ला

या विषाणूची ओळख पटली ती १९८९ साली. त्यापूर्वी डॉक्टर मंडळी 'ए नव्हे आणि बी नव्हे अशी कावीळ' या नावानेच त्याचा उल्लेख करीत. या शोधाबद्दल हार्वे आल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात रक्तपेढीतील प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस 'सी'साठी तपासणी २००१ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वी ज्यांना रक्त चढवले गेले, त्यांनी एकदा तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे, ते याचसाठी.

उपचाराची कहाणी याहून विलक्षण आहे. पूर्वी वर्ष वर्ष इंजेक्शने घ्यावी लागत, त्यांचा त्रास मोठा आणि गुण बेताचा. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या गोळीला मान्यता मिळाली. तेथे एका गोळीची किंमत १,००० डॉलर ठेवण्यात आली होती. पुढे परवाना करारांमुळे भारतीय कंपन्यांनी २०१५ पासून हेच औषध अत्यल्प किमतीत तयार केले. आज साध्या रुग्णाला रोज सोफोसबुविर व डॅक्लाटासविर या गोळ्या १२ आठवडे घ्याव्या लागतात आणि ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होऊ शकतात. २८ जुलै २०१८ रोजी, जागतिक हिपॅटायटिस दिनी, केंद्र शासनाने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. या कार्यक्रमात निदान व औषध विनामूल्य मिळते आणि २०३० पर्यंत हिपॅटायटिस 'सी'चे उच्चाटन हे उद्दिष्ट आहे.

औषध आहे, ते गुणकारी आहे आणि ते विनामूल्य आहे. मग अडते कोठे ? अडते ते रुग्ण एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत पोचण्यात.

निसटणाऱ्या पायऱ्या

समजा, लोणीचा एक चाळिशीतला शेतकरी शिवजयंतीच्या रक्तदान शिबिरात रक्त देतो. रक्तपेढीत त्या पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस 'बी', हिपॅटायटिस 'सी', गुप्तरोग व हिवताप यांसाठी तपासणी होते आणि 'सी'ची चाचणी सकारात्मक येते. ती पिशवी बाद केली जाते. हे चोख होते, कारण ते रक्तपेढीच्या चार भिंतींच्या आत घडते. आता त्या दात्याला निरोप पोचायला हवा. अर्जावरचा दूरध्वनी क्रमांक मुलाचा असतो आणि मुलाने तो बदललेला असतो. पहिली पायरी येथेच निसटते.

निरोप पोचला असे समजू. ही चाचणी प्रतिपिंडांची असते. विषाणू शरीरात कधी तरी येऊन गेला एवढेच ती सांगते. तो आज आहे की नाही, हे सांगत नाही. त्यासाठी विषाणूचे प्रमाण मोजणारी दुसरी, अधिक नेमकी चाचणी करावी लागते. तिचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो आणि निकालाला वेळ लागतो. शेतकरी मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन रक्त देतो, 'निकाल आल्यावर या' असे ऐकतो, आणि कांद्याच्या काढणीत गुंततो. ही दुसरी पायरी.

निकाल आला, विषाणू आहे. आता यकृताची इजा किती, हे ठरवायचे. त्यासाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. वय आणि साध्या रक्ततपासण्यांतील आकडे यांचे गणित करून अंदाज बांधता येतो. पण ते आकडे एकाच वेळी डॉक्टरांच्या समोर हवेत. एक कागद मंचरला, दुसरा पुण्याला आणि तिसरा घरी असेल तर गणित कसे व्हायचे ? ही तिसरी पायरी.

त्यानंतर बारा आठवड्यांच्या गोळ्या. औषध महिन्या-महिन्याने मिळते. पहिल्या महिन्यातच 'बरे वाटते' म्हणून दुसरी खेप चुकते. मुळात त्रासच नव्हता, तेव्हा बरे वाटण्याला अर्थ नसतो. पण हे त्याला कोणी समजावून सांगितलेले नसते. ही चौथी. आणि गोळ्या संपल्यावर आणखी बारा आठवडे थांबून एक अखेरची चाचणी. तीत विषाणू आढळला नाही, तरच रुग्ण बरा झाला असे म्हणता येते. या पाचव्या पायरीवर सर्वांत अधिक माणसे गळतात, कारण गोळ्या संपल्या म्हणजे आजार संपला अशी समजूत असते.

या पाच पायऱ्यांपैकी एकीवरही कोणाची हेळसांड दाखवता येत नाही. प्रत्येक टेबलावरच्या कर्मचाऱ्याने आपापली वही नीट भरलेली असते. परंतु एका वहीला दुसऱ्या वहीची ओळख नसते. रुग्ण या दोन वह्यांच्या मध्ये हरवतो.

फेरफारासारखी नोंद

रुग्णाची संगणकीय नोंद म्हणजे कागदी केसपेपरचे छायाचित्र नव्हे. पंचायत सदस्यांना हे समजण्यासाठी गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही आठवणे पुरेसे आहे. सातबारा आजची स्थिती दाखवतो. ती स्थिती कोणत्या व्यवहाराने, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या मंजुरीने आली, हे फेरफार सांगतो. एक नोंद पुढच्या नोंदीला जोडलेली असते. रुग्णाची नोंदही अशीच साखळीबद्ध असली पाहिजे: चाचणी केव्हा झाली, निकाल काय आला, तो रुग्णाला कळला का, औषध कोणते, किती तारखेस दिले, पुढची तारीख कोणती.

या साखळीचा खरा उपयोग तिच्या रिकाम्या जागेत आहे. वही फक्त आलेल्या माणसाची नोंद घेते. न आलेल्या माणसासाठी तिच्यात ओळच नसते. संगणकाला मात्र विचारता येते, "प्रतिपिंड चाचणी सकारात्मक आली, पण दुसरी चाचणी झाली नाही, असे कोण ? औषधाची तारीख उलटून आठ दिवस झाले, असे कोण ? उपचार संपून बारा आठवडे लोटले, पण अखेरची चाचणी बाकी आहे, असे कोण ?" अशी यादी दर सोमवारी आरोग्य सेवकाच्या हाती आली, तर कोणाच्या दारी जायचे हे त्याला कळते.

राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमासाठी अशी माहिती प्रणाली असून उपचार केंद्रात रुग्णाची नोंद विशिष्ट क्रमांकाने होते. त्याचप्रमाणे २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नागरिकाला १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. निरनिराळ्या रुग्णालयांतील नोंदी त्या व्यक्तीच्या संमतीने एकत्र पाहता याव्यात, हा त्याचा हेतू आहे. हा क्रमांक घेणे ऐच्छिक आहे.

लोणीसारख्या गावाला याची गरज विशेष आहे. जुन्नर-आंबेगावची माणसे पोटासाठी मुंबई, नवी मुंबई, पुणे, चाकण अशी विखुरलेली आहेत. रक्ततपासणी मुंबईत, घर लोणीत आणि काम भोसरीत, अशी स्थिती नवी नाही. मुंबईचे डबेवाले बहुतांशी मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले या भागांतीलच. डब्याच्या झाकणावरची चार चिन्हे वाचून ते तो नेमक्या माणसापर्यंत पोचवतात, मधल्या वाटेवर तो चार हातांतून गेला तरी चुकत नाही. आणि डबा पोचला म्हणजे काम संपले असे ते मानीत नाहीत. रिकामा डबा संध्याकाळी घरी परत आला पाहिजे. या भागातील माणसांनीच उभी केलेली ही व्यवस्था आरोग्याच्या नोंदीला उत्तम दाखला ठरते. औषध पोचणे हा अर्धा प्रवास आहे. बरे झाल्याचा निकाल परत येणे हा उरलेला अर्धा.

वढू, पंजाब आणि इजिप्त

अशी नोंद ग्रामीण भागात ठेवता येते का, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. शेजारच्या शिरूर आणि हवेली तालुक्यांतील २२ गावांत वढू बुद्रुक येथील ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रामार्फत, २००२ पासून लोकसंख्येची आरोग्यविषयक नोंद ठेवली आहे. प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र क्रमांक असतो आणि कार्यकर्ते ठरावीक काळाने घरोघर जाऊन जन्म, मृत्यू, आलेले व गेलेले यांची नोंद अद्ययावत करतात. हे काम केवळ हिपॅटायटिससाठी नाही. परंतु औद्योगिक वसाहतीमुळे ये-जा सतत वाढत असलेल्या भागातही माणसाचा माग दोन दशके ठेवता येतो, हे त्यातून दिसून आले आहे.

हिपॅटायटिस 'सी'च्या बाबतीत देशातील मोठा प्रयोग पंजाबात झाला. तेथे या आजाराचे प्रमाण अधिक. जून २०१६ मध्ये राज्य शासनाने विनामूल्य उपचाराची योजना सुरू केली आणि तज्ज्ञांच्या मोठ्या रुग्णालयाऐवजी जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांवर उपचाराची जबाबदारी सोपवली. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील तज्ज्ञ दूरसंवादाद्वारे त्यांना मार्गदर्शन करीत आणि रुग्णांच्या नोंदी संगणकावर ठेवल्या जात. पहिल्या काही वर्षांतील ४८ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी बहुसंख्य खेड्यांतले होते. उपचार पूर्ण करून अखेरची चाचणी करून घेणाऱ्यांत बरे होण्याचे प्रमाण ९१ टक्क्यांच्या वर निघाले. उपचार सुरू केलेल्या सर्वांना हिशेबात धरले तर मात्र ते बरेच खाली येते, कारण अनेक जण अखेरच्या चाचणीला आलेच नाहीत. त्यांतले पुष्कळ जण बरे झालेही असतील. पण कोण, हे कोणालाच सांगता येत नाही. जिल्हा पातळीचा डॉक्टर हा आजार बरा करू शकतो आणि शेवटच्या पायरीवर पाठपुरावा सैल पडतो, अशा दोन्ही गोष्टी नोंदींमुळेच उघड झाल्या. चांगली नोंद आपल्या यशाबरोबर आपली उणीवही दाखवते.

इजिप्तची कथा अधिक बोधप्रद आहे. १९५० नंतरच्या काही दशकांत तेथे एका परजीवी रोगाविरुद्ध इंजेक्शनांची मोहीम राबवण्यात आली. काचेच्या सिरिंजा नीट न उकळता पुनःपुन्हा वापरल्या गेल्या आणि हिपॅटायटिस 'सी' देशभर पसरला. हेतू रोगनिवारणाचा होता, फळ मात्र दुसऱ्याच रोगाचे मिळाले. त्याच देशाने २०१४ मध्ये रुग्णनोंदणीसाठी संगणकीय व्यवस्था उभी केली आणि ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी केली. निकाल लगेच मध्यवर्ती नोंदीत जाई आणि सकारात्मक व्यक्तीला पुढच्या तपासणीची जागा व तारीख दिली जाई. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उच्चाटनाच्या मार्गावरील 'सुवर्ण' दर्जा देऊन इजिप्तचा गौरव केला. असा दर्जा मिळवणारा तो पहिला देश ठरला.

सुईचा धडा आपल्यालाही शिकावा लागला आहे. २००९ मध्ये गुजरातेतील मोडासा भागात हिपॅटायटिस 'बी'ची प्राणघातक साथ आली. वापरलेल्या सुया व सिरिंजा पुन्हा वापरणे, हे तिचे कारण होते.

नोंद जीव कसा वाचवते

नोंदीची उपयुक्तता आकडेवारीपुरती आहे, असा समज होऊ नये. वैद्यकीय निर्णय तिच्यावर अवलंबून असतात.

पहिले उदाहरण क्षयरोगाचे. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध सोफोसबुविर व डॅक्लाटासविर यांचा प्रभाव कमी करते. त्यामुळे ही औषधे एकत्र देत नाहीत. क्षयरुग्णांची नोंद 'निक्षय' प्रणालीत २०१२ पासून होते. दोन्ही आजार असलेल्या रुग्णाची एक नोंद दुसऱ्या डॉक्टरांना दिसली नाही, तर बारा आठवड्यांच्या गोळ्या वाया जाऊ शकतात.

दुसरे उदाहरण हिपॅटायटिस 'बी'चे. 'सी'वर उपचार करताना शरीरात दबून बसलेला 'बी' पुन्हा उसळू शकतो. म्हणून उपचारापूर्वी 'बी'ची तपासणी झाली आहे ना, हे नोंदीत दिसले पाहिजे.

तिसरे उदाहरण बरे झालेल्याचे. रोग बरा झाला तरी प्रतिपिंडे रक्तात वर्षानुवर्षे राहतात. असा माणूस पाच वर्षांनी दुसऱ्या आजारासाठी रुग्णालयात गेला की चाचणी पुन्हा सकारात्मक येते. घरात रडारड होते, लग्न मोडते, शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. 'उपचार पूर्ण, अखेरची चाचणी नकारात्मक' एवढी एक ओळ त्याच्या जवळ असेल, तर हे सारे टळते. अर्थात, बरा झालेल्याला पुन्हा बाधा होऊ शकते. संशय असल्यास विषाणूचे प्रमाण मोजणारी चाचणी करावी.

चौथे आणि सर्वांत गंभीर उदाहरण सिऱ्होसिसच्या रुग्णाचे. विषाणू गेला तरी कठीण झालेल्या यकृतात कर्करोगाची शक्यता शिल्लक राहते. म्हणून अशा रुग्णाने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी लागते. कार्यक्रमाच्या दृष्टीने तो 'बरा झालेला' असतो आणि यादीतून निघतो. वैद्यकाच्या दृष्टीने त्याचा पाठपुरावा संपलेला नसतो. हा फरक नोंदीने जपला नाही, तर बरा झालेला माणूसच काही वर्षांनी दगावतो.

गुप्तता आणि मर्यादा

नोंद जितकी उपयुक्त, तितकी ती नाजूक. गावात एखाद्याला हिपॅटायटिस 'सी' आहे हे फुटले, तर त्याच्या घरचे पाणी पिणे लोक सोडतील, मुलीचे स्थळ परत जाईल. या भयाने माणूस तपासणीच टाळतो. रुग्णाची माहिती ही त्याची मालमत्ता आहे. ती उपचार करणाऱ्यापलीकडे कोणालाही, सरपंचाला, शिक्षकाला वा नातलगालाही, त्याच्या संमतीवाचून कळता कामा नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीचे तत्त्व अधोरेखित केले आहे. परंतु कायद्याआधी सवयीचा प्रश्न आहे. संगणकाचा पडदा रांगेकडे तोंड करून ठेवणे, एकच परवलीचा शब्द साऱ्या कार्यालयाने वापरणे, रुग्णांची यादी मोबाइलच्या गटात टाकणे, या गोष्टी कोणत्याही कायद्याला निष्फळ करतात.

मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. वीज जाते, संपर्क तुटतो. एकच माहिती वहीत, मोबाइलवर आणि संगणकात अशी तीनदा भरावी लागली की आशा कार्यकर्ती आणि परिचारिका थकतात, आणि थकलेल्या हाताने भरलेली नोंद खोटी नसली तरी अपुरी असते. २०२२ साली राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत जुनी संगणकीय प्रणाली बंद पडली तेव्हा पुन्हा हाताने केसपेपर लिहिण्याची वेळ आली होती. यावरून एवढा बोध घ्यावा की नोंदींची मालकी लोकांकडे व शासनाकडे राहिली पाहिजे, आणि यंत्र थांबले तरी चालेल अशी कागदी प्रत रुग्णाच्या हाती असली पाहिजे.

गावाने काय करावे

ग्रामपंचायतीला रुग्णांची नावे माहीत असण्याची आवश्यकता नाही. तिचे काम नावांवाचून होते. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत आरोग्य कर्मचाऱ्याला केवळ आकडे विचारावेत: किती जणांची तपासणी झाली, दुसरी चाचणी किती जणांची बाकी आहे, उपचार पूर्ण करून अखेरची चाचणी किती जणांनी केली ? हे तीन प्रश्न दर तिमाहीला विचारले गेले, तर नोंद आपोआप सुधारते. उपकेंद्राला वीज आणि संपर्क मिळतो की नाही, हेही पंचायतीने पाहावे. रक्तदान शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी दात्याचा चालू दूरध्वनी क्रमांक अर्जावर अचूक लिहून घ्यावा. शिबिराच्या हारतुऱ्यांपेक्षा या एका ओळीचे मोल अधिक आहे. जत्रेत गोंदणाऱ्याने प्रत्येक माणसासाठी नवी सुई वापरावी, आणि नाभिकाने प्रत्येकाला नवे पाते लावावे, हेही पंचायतीने पाहावे.

शिक्षकांचे काम समजुतीचे आहे. सर्व कावीळ एक नव्हे. 'सी' सोबत जेवल्याने होत नाही. 'बी'वर लस आहे, 'सी'वर लस नाही पण औषध आहे. साध्या तापाला सुईचा हट्ट धरू नये. एवढ्या गोष्टी मुलांच्या कानी पडल्या, तरी त्या घरी पोचतील.

अधिकाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. 'इतक्या तपासण्या झाल्या' या आकड्यावर समाधान मानू नये. तपासणी हा आरंभ आहे. किती जणांची साखळी शेवटच्या कडीपर्यंत पोचली, याचाच आढावा मागवावा. एकच माहिती एकदाच भरावी लागेल, अशी व्यवस्था करावी.

आणि रुग्णाने ? त्याने आपला कागद जपावा, तारीख पाळावी आणि पूर्वी रक्त चढवले असल्यास, रक्तशुद्धीकरणाचे उपचार घेत असल्यास किंवा सुईची शंका असल्यास एकदा तपासून घ्यावे.

लोणीच्या त्या कल्पित शेतकऱ्याकडे अखेरीस पुन्हा वळू या. त्याचा क्रमांक बदलला नाही, निरोप पोचला. दुसरी चाचणी झाली. कांद्याच्या काढणीत तो गुंतला तेव्हा आरोग्य सेवक त्याच्या बांधावर आला, कारण सोमवारच्या यादीत त्याचे नाव होते. बांधावर दुसरा कोणी नाही असे पाहून सेवकाने त्याला हलक्या आवाजात तारखेची आठवण दिली आणि तो निघून गेला. बारा आठवड्यांच्या गोळ्या झाल्या, आणखी बारा आठवडे लोटले आणि अखेरच्या चाचणीत विषाणू आढळला नाही. घरी आल्यावर त्याने तो कागद सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी, त्याच पिशवीत ठेवला. ही कथा कल्पित आहे. ती खरी होण्यास औषध आणि योजना दोन्ही उपलब्ध आहेत. आता गरज आहे ती प्रत्येक टेबलावरच्या माणसाने पुढच्या टेबलाकडे पाहून नोंद करण्याची.